इंग्लिशच्या गठ्ठ्यातलं जॅझ: मुंबईत जुन्या, दुर्लक्षित तबकड्या शोधायच्या कशा

चोर बाजारात मटण स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानात शिरून ‘जॅझ है क्या?’ विचारलंत, तर बहुधा उत्तर मिळतं, ‘इंग्लिश सब उधर है, देख लो.’ ‘उधर’ म्हणजे कोपऱ्यातला, धुळीने करडा झालेला एक गठ्ठा. त्यात जिम रीव्हज असतो, अ‍ॅबा आणि बोनी एम असतात, जेम्स लास्टचा नाचायचा बँड असतो, नाताळच्या गाण्यांच्या तीन-चार तबकड्या असतात आणि घरबसल्या फ्रेंच शिकवणारा एखादा संचही. या वरातीत मधेच कुठेतरी साठ वर्षांपूर्वीचा एखादा सॅक्सोफोनवाला अंग चोरून बसलेला असतो. तो कोण, हे दुकानदाराला ठाऊक नसतं. तुम्हालाही नसेल, तर तो तिथेच राहतो.

त्याला ओळखायचं कसं, एवढ्यापुरता हा लेख आहे. ज्यांनी अजून एकही तबकडी घेतलेली नाही त्यांच्यासाठी. नावाजलेले अल्बम घ्यायला खिशात पैसे असले की झालं. दुर्लक्षित शोधायचे तर तयारी लागते, आणि ती दुकानात जाण्याआधीच करावी लागते.

पहिली पायरी: कान तयार आहे, त्याला आठवण करून द्या

‘आपल्याला बुवा जॅझ कळत नाही’ हे वाक्य मी इतक्या मराठी मित्रांकडून ऐकलंय की हल्ली मी काही न बोलता ‘अलबेला’ लावून देतो. १९५१ सालचा भगवानदादांचा चित्रपट, संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यातल्या नाचाच्या गाण्यांना जी झिंग आहे तिच्यामागे चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवादक होता. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

हे असं झालं त्याला कारण आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी आपला अमेरिकी कृष्णवर्णीय बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढे टेडी वेदरफर्डसारखा पियानोवादक तिथे होता. गोव्याच्या पोरांना चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकवलेलं असे, त्यामुळे ती या बँडांत चटकन मिसळली. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा फिल्मी रेकॉर्डिंग, असं त्यांचं चालायचं. तेव्हा जॅझ तुमच्या आजोबांच्या रेडिओवर येऊन गेलेलं आहे, फक्त कुणी नाव सांगितलं नव्हतं.

आता गृहपाठ. एक महिना एकच अल्बम ऐका, फोनवर ऐकलात तरी चालेल: ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९). पण रोज एकाच वाद्याचा माग काढा. एक दिवस फक्त पॉल चेंबर्सचा बास. एक दिवस जिमी कॉबचे ड्रम. पियानो बिल एव्हान्सचा आहे, पण पाचांपैकी एका रचनेत त्याच्या जागी विंटन केली बसलाय. कुठली रचना ते मी सांगत नाही. ती कानाने सापडली की पहिली पायरी संपली.

दुसरी पायरी: कव्हर उलटं करा

सगळी मेख इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मैफलीला निघालेला मराठी रसिक ‘गाणार कोण’ याच्या पाठोपाठ विचारतो, ‘साथीला कोण?’ तबल्यावर अमुक असतील तर नवख्या गायकालाही तो ऐकून येतो. जॅझच्या तबकडीला हाच न्याय लावायचा. कव्हरच्या पुढच्या बाजूला ज्याचं नाव मोठं, त्याच्यासाठी जगभरचे लोक पैसे ओततात. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वादकांची यादी असते. तुमचा खजिना त्या यादीत आहे.

उदाहरण घ्या. १९ जून १९६० रोजी ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्डने ब्लू नोट कंपनीसाठी आपला पहिला अल्बम ‘ओपन सेसमी’ ध्वनिमुद्रित केला. टेनर सॅक्सोफोनवर टीना ब्रुक्स होता. नाव बाईचं वाटतं, पण हा पुरुष. सहाच दिवसांनी, २५ जूनला, ब्रुक्सच्या नावावरचा ‘ट्रू ब्लू’ ध्वनिमुद्रित झाला. ट्रम्पेटवर तोच हबर्ड, बासवर तोच सॅम जोन्स. हबर्ड पुढे मोठा झाला. ब्रुक्सच्या हयातीत त्याच्या स्वतःच्या नावावर एवढा एकच अल्बम बाजारात आला. बाकीची ध्वनिमुद्रणं कंपनीच्या कपाटात पडून राहिली आणि १९७४ मध्ये तो गेला. दोन्ही अल्बम एकापाठोपाठ ऐका. मला विचाराल तर दुसऱ्यात जी हुरहूर आहे ती पहिल्यात नाही.

तर पद्धत अशी. आवडलेल्या प्रत्येक अल्बममधला एक बाजूचा वादक निवडा आणि त्याच्या स्वतःच्या नावावर काही आहे का ते बघा. मग त्या अल्बममधला पुन्हा एक. तीन उड्यांत तुम्ही अशा ठिकाणी पोचता जिथे फारशी गर्दी नसते. एक छोटी वही करा. फोनमध्ये यादी ठेवलीत तर दुकानात ती उघडेपर्यंत दुसरा कुणीतरी गठ्ठा चाळून मोकळा होतो.

माझ्या वहीतली काही नावं सुरुवातीला देऊन ठेवतो. हर्बी निकल्स: ‘लेडी सिंग्स द ब्लूज’ची चाल याची, शब्द बिली हॉलिडेचे, गाणं सगळ्यांना माहीत, हा कुणालाच नाही. १९५५-५६ मध्ये ब्लू नोटसाठी त्याने पियानो, बास, ड्रम एवढ्यावर जे वाजवलं ते मी अजून पुरतं पचवू शकलेलो नाही. एल्मो होप, आणखी एक पियानोवाला. सॅक्सोफोनवादक हॅरल्ड लँडच्या १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘द फॉक्स’ अल्बममध्ये तो आहे आणि रचनाही बऱ्याचशा त्याच्याच. डोरोथी अ‍ॅशबी चक्क हार्पवर जॅझ वाजवायची. तिचा १९५८ चा ‘हिप हार्प’ ऐकल्यावर आमच्या घरी कुणीतरी विचारलं होतं, ‘हे स्वरमंडळ आहे का?’ आणि युटा हिप. लाइपझिगची मुलगी, १९५५ मध्ये न्यूयॉर्कला आली, १९५६ मध्ये ब्लू नोटवर अल्बम निघाले, आणि काही वर्षांत वाजवणं सोडून कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागली. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तिसरी पायरी: लेबल ओळखा, पण लेबलाच्या नादी लागू नका

ब्लू नोट (स्थापना १९३९), प्रेस्टिज, रिव्हरसाइड, काँटेम्पररी, इम्पल्स ही पन्नास-साठच्या दशकातली मुख्य लेबलं, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपन्या. सत्तरच्या दशकातली पाहायची तर स्ट्राटा-ईस्ट, डेन्मार्कची स्टीपलचेस, जपानची थ्री ब्लाइंड माइस. या नावांतलं एखादं दिसलं की तबकडी बाजूला काढून ठेवा, विचार नंतर.

ब्लू नोटच्या मूळ प्रती मुंबईच्या गठ्ठ्यात मिळतील या आशेवर बसू नका. तरी ओळख असू द्या: तबकडीच्या मधल्या गोल कागदी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाची ‘आरव्हीजी’ ही अक्षरं, आणि साधारण १९६६ पर्यंतच्या छपाईत कानाच्या आकाराची एक बारीक खूण. या दोन्ही असलेल्या प्रतींच्या किमती ऐकून माझा एक मित्र म्हणाला होता, ‘एवढ्यात कर्जतला जागा येईल.’ येणार नाही, पण भावना पोचली.

नवख्याने पुनर्मुद्रणं घ्यावीत, आणि त्यात कमीपणा मानू नये. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत सुरू झालेली ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ ही मालिका प्रेस्टिज-रिव्हरसाइडचा जुना माल पुन्हा छापत आली आहे. जपानी छपाईही उत्तम. कव्हरला उभी कागदी पट्टी असेल तर ती जपून ठेवा, फेकू नका. इथल्या छपाईत दमदमच्या कारखान्यातल्या एचएमव्हीच्या तबकड्या असतात, आणि ऐंशीच्या दशकातल्या सीबीएसच्याही. देशी छपाईला नाकं मुरडणारे भेटतील. त्यांना मुरडू द्या, त्यामुळेच ती स्वस्त मिळते.

चौथी पायरी: वाजवायचं कशावर

थोडक्यात सांगतो. सुटकेसच्या आकाराचा स्वस्त प्लेयर घेऊ नका. त्याचा हात जड असतो, सुई सिरॅमिक कार्ट्रिजची, आणि खोबणी झिजतात. आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा माळ्यावर असेल तर तो शोभेला ठेवा, चांगली तबकडी त्यावर लावू नका. सुईचा भार बदलता येतो असा साधा टर्नटेबल, भार दोन ग्रॅमच्या आसपास, सोबत त्याचा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प, एवढं पुरतं. आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना वेगळी, जवळजवळ चौपट रुंद सुई लागते. एलपीची, म्हणजे नेहमीच्या बारा इंची तबकडीची, सुई त्यांवर टेकवलीत तर आवाज धड येत नाही आणि सुईही जाते.

पाचवी पायरी: कुठे जायचं

काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. तिथे उभं राहून फुकट ऐकत शिकलेली एक पिढी आहे, मीही त्यातलाच. आता रीतसर दुकान हवं असेल तर माहीमचं द रिव्हॉल्व्हर क्लब आहे. नवी पुनर्मुद्रणं, टर्नटेबल, सगळं एका जागी. आधी तिथे जा, चांगल्या स्थितीतली तबकडी हातात कशी लागते ते समजून घ्या, एखादी विकत घ्या. मग बाजारात उतरा.

चोर बाजाराला ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. मटण स्ट्रीटवरची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी रस्त्यावर जुमा बाजार भरतो, तोही पहाटेपासून. दोन्ही प्रकार वेगळे. दुकानात माल निवडलेला, भाव ठरलेला. जुमा बाजारात चादरीवर मिक्सरच्या भांड्याशेजारी तबकडी पडलेली, कव्हर असेलच असं नाही. मी सुरुवात दुकानांपासून करायला सांगेन. फोर्टातल्या पदपथावरही जुन्या तबकड्या विकणारे आहेत. तिथे दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, ऑफिसवाल्यांची झुंबड असते.

पण खरा माल घरांत आहे. धोबी तलाव, वांद्रे, ऑर्लेम, दादरची ख्रिश्चन वस्ती. जहाजावर नोकरी केलेले, हॉटेलांत वाजवलेले, १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाला रंगभवनात रात्ररात्र बसलेले लोक आता थकलेत किंवा गेलेत, आणि मुलं परदेशी. घर रिकामं करताना हा माल रद्दीवाल्याकडे जातो. तुमच्या भागातल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवा, त्याला सांगून ठेवा की रेकॉर्ड आली तर आधी फोन कर. कुणाच्या घरी बघायला गेलात तर मात्र भाव पाडून मागू नका. त्या आजींनी चहा केलेला असतो, आणि नवऱ्याबद्दल त्यांना तासभर बोलायचं असतं. तेवढा वेळ काढूनच जा.

गठ्ठा चाळताना ‘इंग्लिश’ संपल्यावर थांबू नका. कोंकणीच्या सात इंची तबकड्या बघा: ट्रम्पेटवादक ख्रिस पेरीचा बँड आणि लॉर्नाचा आवाज यांत हॉटेलातलं जॅझ सरळ कोंकणी शब्दांत उतरलंय. ‘हिंदी वाद्यसंगीत’ या ढिगात शंकर-जयकिशन यांचा १९६८ चा ‘राग जॅझ स्टाइल’ निघू शकतो. सतार रईस खाँची, सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. तो ढीग फसवाही आहे, कारण त्यात बाकी सगळं अ‍ॅकॉर्डियनवर वाजवलेली सिनेमाची गाणी असतं. छान असतं, जॅझ नसतं. अमेरिकी पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये मुंबईत येऊन गेला होता. त्या दौऱ्यानंतरचा त्याचा ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ त्याच्याच ‘टाइम आउट’च्या सावलीत राहिला. दिसला तर सोडू नका.

आणि एक नाव मुद्दाम: अमान्सियो डिसिल्व्हा. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक, साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडला गेला. १९६९ मध्ये त्याचा ‘इंटिग्रेशन’ आला, त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरचा ‘हम दोनो’. सत्तरच्या दशकात त्याने ‘कोकण डान्स’ नावाचा अल्बम ध्वनिमुद्रित केला, तो कित्येक वर्षं प्रकाशितच झाला नाही. लंडनच्या स्टुडिओत बसून मुंबईचा एक माणूस कोकण वाजवतोय आणि आपल्याला पत्ता नाही! त्याच्या मूळ प्रती आपल्या आवाक्याबाहेर आहेत. आधी ऐका, मग पुनर्मुद्रण शोधा.

सहावी पायरी: हातात घेतल्यावर

तबकडी कव्हरातून बाहेर काढल्याशिवाय पैसे काढू नका. हे मी शिकलो ते सॅक्सोफोनवाल्या सोनी रोलिन्सच्या कव्हरातून घरी येऊन हवाईयन गिटार निघाली तेव्हा. दुकानदार शपथेवर सांगत होता की आत तीच आहे, आणि मला वाटतं त्याचाही तसाच समज होता. ती हवाईयन गिटार अजून माझ्याकडे आहे, पावसाळ्यात कधीतरी लावतो.

कडेने आणि लेबलावर बोटं टेकवून धरा, खोबणीला हात नको. उजेडात तिरकी करा. फोनचा टॉर्च चालतो. केसासारखे ओरखडे दिसले तर हरकत नाही, बरेचसे ऐकू येत नाहीत. नखाला लागतो तो ओरखडा वाईट, त्यावर सुई अडखळते. मग तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून फिरवा, वाकलेली असेल तर लाट दिसते. किंचित वाक चालून जातो. भोकाभोवती लेबलावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा असतील तर ती भरपूर वाजलेली आहे. काळी चकाकी जाऊन खोबणी राखाडी दिसत असतील तर परत ठेवा, धुऊन ते जात नाही. पांढरे ठिपके म्हणजे मात्र बुरशी, आणि ती बहुतेकदा धुऊन जाते. मुंबईत हा फरक ओळखणं हीच निम्मी कमाई, कारण बुरशीला घाबरून लोक चांगल्या तबकड्या सोडून जातात.

घासाघीस करा, पण दहा तबकड्यांचा लॉट करून करा. एकेका नगावर हुज्जत घातली की दुकानदाराचं मन उडतं. जी हवी आहे ती गठ्ठ्याच्या मध्ये ठेवा. आणि चेहरा सांभाळा. ‘ट्रू ब्लू’ बघून ओरडलात तर जिम रीव्हजचा भाव मिळणार नाही.

परदेशातून मागवायची वेळ आली तर डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या संकेतस्थळावर तीच आवृत्ती शोधा, म्हणजे गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक जुळवून बघा. तिथे ‘व्हीजी’ म्हणजे ‘व्हेरी गुड’ लिहिलेलं असतं. मराठीत त्याचा अर्थ ‘बरी आहे, खरखर सोसा’. ‘व्हीजी प्लस’च्या खाली उतरू नका. टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून कधीकधी तबकडीच्या किमतीइतकं होतं, ते धरूनच हिशेब करा.

सातवी पायरी: धुणं आणि पावसाळा

एलपीसाठी: डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड. खोबणीच्या दिशेने गोल पुसा, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा, आणि सावलीत उभी करून वाळवा. नळाचं पाणी वापरू नका, क्षार मागे राहतात. लेबल भिजवू नका.

लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा कोणतंही अल्कोहोल लावू नका. लाख त्यात विरघळते. मी बाबांच्या संग्रहातली एक तबकडी अशीच ‘स्वच्छ’ केली होती. कापडावर काळा डाग आला तेव्हा मला वाटलं, किती मळ निघतोय! तो मळ म्हणजे गाणं होतं.

ठेवताना उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. पत्र्याखालचा पोटमाळा टाळा, मे महिन्यात तिथे तबकड्या वाकतात. पावसाची ओल येते त्या बाहेरच्या भिंतीला फडताळ लावू नका. आतलं जुनं प्लास्टिक चिकटलं असेल तर काढून नवं घाला, जुलै-ऑगस्टमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा फडताळ उघडून पंखा लावा. कव्हरांना कसर लागते, तिच्यावर लक्ष हवं. शंभर एलपी म्हणजे साधारण पंचवीस किलो, तेव्हा भिंतीतले खिळे त्या हिशेबाने.

घरी आणल्यावर प्रत्येक तबकडीच्या आतल्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने तारीख, जागा, किंमत आणि ज्याच्यामुळे ती घेतली त्या वादकाचं नाव लिहून ठेवा. पेनाने नको, शाई पावसाळ्यात फुटते.

आणि परतीची वेळ जपा. बारा इंचाची तबकडी घेऊन संध्याकाळी सहा ते नऊ लोकलमध्ये शिरू नका. अगदीच पर्याय नसेल तर धीमी पकडा आणि पिशवी छातीशी धरा; वरच्या फळीवर ठेवलीत तर दादर येईपर्यंत तिच्यावर कुणाची तरी सॅक आलेली असते.